मुंबईशी नाते असलेल्या बुडालेल्या बोटी : ‘वैतरणा’ ते ‘नीलकमल’

दरवर्षी थंडी सुरू झाली की शाळेच्या सहलीची चर्चा सुरू होते, आणि घारापुरीचे नाव हमखास निघते. गेटवेवरून लाँचने तासाभराचा प्रवास, लेणी, माकडं, समुद्र. मुलांना याहून जास्त काय हवे? पण १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर ‘नीलकमल’ बुडाली आणि पालकसभेचा सूर बदलला. एका आईने आम्हाला सरळ सांगितले, “सर, बोटीत बसवणार असाल तर माझ्या मुलाचं नाव लिहू नका.” शेजारच्या वडिलांनी उलट विचारले, “मग आपली माणसं शंभर वर्षं कोकणात कशाने जात होती?”

दोघांचेही खरे आहे. डोंगरी, नागपाडा, माझगाव इथली कोकणी मुस्लिम घरे असोत की गिरगाव, लालबाग, परळमधली चाकरमान्यांची घरे, आपल्या वाडवडिलांची गावाची वाट समुद्रातून जायची. हजला जाणारेही १९९०च्या दशकापर्यंत मुंबईहून जहाजाने जात. तेव्हा समुद्राला घाबरून आपले भागणार नाही. आधी काय झाले होते आणि का झाले होते, हे मात्र ठाऊक हवे. म्हणून मुंबईशी नाते असलेल्या मोठ्या दुर्घटनांची माहिती इथे एकत्र करत आहोत. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. वादळ, लाट, आग ही कारणे तर आहेतच, पण जवळपास प्रत्येक वेळी तीन गोष्टी कमी पडलेल्या दिसतात : माणसांची मोजणी, अंगावर लाईफ जॅकेट आणि वेळेवर पोचलेली खबर.

१८८८ : ‘वैतरणा’ ऊर्फ ‘विजळी’

ही आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईला यायची. बोटीवर विजेचे दिवे होते. त्या काळी ते मोठे अप्रूप, म्हणून लोक तिला ‘विजळी’च म्हणत. नोव्हेंबर १८८८ मध्ये मांडवी आणि द्वारकेची माणसे घेऊन ती मुंबईकडे निघाली. हवा बिघडलेली असल्यामुळे ती पोरबंदरला थांबली नाही. पुढे सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मांगरोळच्या आसपास ती दिसली, ती शेवटची. बोटीवर सातशेहून जास्त माणसे होती. त्यात लग्नाची वऱ्हाडे होती, आणि मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलेही होती असे सांगतात.

शोधासाठी आगबोटी पाठवल्या गेल्या, पण ना बोट सापडली, ना एखादी मय्यत. चौकशीत बोटीवर पुरेशा बचावनौका आणि जीवरक्षक साहित्य नव्हते, ही गोष्ट पुढे आली. हाजी कासम यांच्या नावाशी जोडलेली या बोटीची लोकगीते कच्छ-काठियावाडात आजही गातात. मुंबईतल्या कच्छी मेमन, खोजा आणि भाटिया घरांत ‘विजळी’ची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे.

१९४२ : ‘तिलावा’

दुसरे महायुद्ध चालू होते. ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘तिलावा’ २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघाली. बोटीवर ९५८ माणसे होती. बहुतेक जण पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत दुकानदारी, नोकरी करणारे आपल्याकडचे लोक आणि त्यांच्या घरची माणसे. २३ नोव्हेंबरच्या पहाटे जपानी पाणबुडी ‘आय-२९’ने तिच्यावर टॉर्पेडो मारला. लोक बचावनौकांत उतरले. बोट लगेच बुडाली नाही हे पाहून काही जण परत फिरू लागले, तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो बसला.

या घटनेत २८० जणांचा इंतकाल झाला. उरलेले दोन दिवस उघड्या समुद्रात नौकांमध्ये होते. मग ब्रिटिश युद्धनौका ‘बर्मिंगहॅम’ आणि ‘कार्थेज’ हे जहाज यांनी मिळून ६७८ जणांना वाचवले. २७ नोव्हेंबरला ही माणसे परत मुंबईच्या धक्क्यावर उतरली. बोटीत चांदीच्या २,३६४ लाद्या होत्या. २०१७ मध्ये त्या समुद्रतळातून वर काढण्यात आल्या. चांदी वर आली तेव्हा कुठे जगाला ‘तिलावा’ आठवली. घरच्यांना ती कधी विसरताच आली नव्हती.

युद्धात बुडालेल्या जहाजांवर मुंबईचे खलाशी मोठ्या संख्येने होते. कोळसा भट्टीत टाकणारे, इंजिनरूममध्ये राबणारे, स्वयंपाक करणारे हे लोक. रत्नागिरी-कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांची रोजी यावर चालायची. मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचे स्मारक आहे. समुद्र हीच त्यांची कबर. दुसऱ्या महायुद्धातल्या खलाशांची नावेही नोंदवहीत लिहून ठेवली आहेत. आपल्या घरात ‘अमका बोटीवर गेला तो आलाच नाही’ अशी गोष्ट असेल, तर त्या जागेला एकदा जरूर भेट द्या.

१४ एप्रिल १९४४ : ‘फोर्ट स्टिकिन’

ही बोट भर समुद्रात नव्हे, तर व्हिक्टोरिया डॉकमध्ये धक्क्याला लागलेली असताना गेली. ब्रिटनच्या बर्कनहेडहून कराचीमार्गे ती १२ एप्रिलला मुंबईत आली. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, सोन्याच्या १२४ लाद्या आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या. कापूस आणि दारूगोळा एकाच बोटीत! शिवाय स्फोटके असलेल्या जहाजावर लावायचा लाल बावटाही लावलेला नव्हता.

त्या शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर कापसातून धूर येताना दिसला. आग विझवायला सुरुवात झाली, बंब आले. पण पुढच्या जवळपास दोन तासांत ना बोट खोल पाण्यात नेली गेली, ना गोदी रिकामी करण्यात आली. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. दूर शिमल्याच्या भूकंपमापकावरही त्याची नोंद झाली. गोदीतली डझनभर जहाजे बुडाली किंवा निकामी झाली. मस्जिद बंदर, मांडवी भागातल्या वखारी आणि चाळी पेटल्या. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. मृतांचा आकडा कुणी ८०० सांगतो, कुणी १,३००. गोदीत रोजंदारीवर येणाऱ्या हमाल-मजुरांची पक्की यादी कुठे असणार?

या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान शहीद झाले. त्यांच्या आठवणीत देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिवस पाळतात. सोन्याच्या लाद्या मात्र गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षे सापडत राहिल्या.

१७ जुलै १९४७ : ‘रामदास’

मुंबईकरांच्या मनातली सगळ्यात खोल जखम हीच. ‘रामदास’ ही ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीची बोट. लांबी १७९ फूट, बांधणी १९३६ची. याच कंपनीच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी १९२७च्या नोव्हेंबरमधल्या वादळात आधीच गेल्या होत्या.

१७ जुलैला आषाढ अमावास्या होती, म्हणजे गटारी. सुट्टी धरून गावी निघालेल्यांची भाऊच्या धक्क्यावर झुंबड उडाली. त्यात गिरगाव, लालबाग, परळचे गिरणी कामगार होते, व्यापारी होते, बायकामुले होती. त्या वर्षी रमजानही दोन-तीन दिवसांवर आला होता. रोजे घरच्यांसोबत धरायचे म्हणून किती जण त्या सकाळी धक्क्यावर आले असतील, याचा हिशोब कुणाकडे नाही. बोटीचे कप्तान शेख सुलेमान इब्राहिम होते. सकाळी आठच्या सुमारास बोट रेवसकडे निघाली.

बंदर सोडल्यावर वारा वाढला, पाऊस आला, लाटा उंच झाल्या. बचावलेल्यांनी सांगितले ते असे : एका बाजूने पाणी आत येऊ लागले तसे घाबरलेले लोक दुसऱ्या बाजूला धावले. बोट एका अंगावर कलली, तेवढ्यात मोठी लाट आली आणि बोट उलटली. पावसापासून आडोसा म्हणून बाजूला बांधलेल्या ताडपत्र्यांमुळे आतल्या लोकांना बाहेर पडणे आणखी कठीण झाले. काशाचा खडक या जागेजवळ, मुंबईपासून जेमतेम तेरा-चौदा किलोमीटरवर हे घडले. निघाल्यापासून तासही झाला नव्हता.

बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला कळवायचे कसे? दुपार उलटेपर्यंत शहराला पत्ताच नव्हता. ट्यूब धरून वाहत वाहत गेटवेजवळ लागलेल्या एका शाळकरी पोराकडून पहिली खबर मिळाली. तिकडे रेवसच्या बाजूचे कोळी मासळी घेऊन मुंबईला येत होते. त्यांनी मासळी समुद्रात टाकून दिली आणि बुडणारी माणसे होडीत ओढून घेतली. कुणाची जात, कुणाचा मजहब, हे विचारायला त्या वेळी कुणाला सवड नव्हती. या एका कामासाठी त्या कोळी बांधवांचे नाव आपण दुआमध्ये घ्यायला हवे.

सहाशेहून जास्त माणसे गेली. नक्की आकडा प्रत्येक पुस्तकात वेगळा आहे, कारण बिनतिकिटाचे प्रवासी, बोटीवरचे हॉटेलवाले, लहान मुले यांची मोजणी धड झालेली नव्हती. महिनाभरात देश आझाद झाला, फाळणी झाली, वर्तमानपत्रांची पाने दुसऱ्याच बातम्यांनी भरली आणि ‘रामदास’ मागे पडली.

आपल्या डोळ्यांसमोरच्या घटना

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ कलली, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरले. माणसे सगळी वाचली. पण काही दिवस बंदराची वाहतूक बंद राहिली आणि मासेमारी करणाऱ्यांचा धंदा बुडाला.

२०११च्या पावसाळ्यात तर जुहूच्या चौपाटीवर जहाजे बघायला जत्रा लागली होती. जूनमध्ये ‘विस्डम’ रुतले. ते भंगारासाठी अलंगला ओढून नेत असताना दोर तुटून भरकटले होते. ३१ जुलैला ‘पवित’ हे माणूस नसलेले टँकर तिथेच येऊन लागले. लगेच ४ ऑगस्टला कोळसा भरलेले ‘रॅक कॅरियर’ मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. त्यावरच्या ३० जणांना हेलिकॉप्टरने वाचवण्यात आले.

१४ ऑगस्ट २०१३ला मध्यरात्रीनंतर नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले आणि १८ नौसैनिक गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात तेलक्षेत्रात काम करणारा ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ कामगार होते. हा तराफा आणि ‘वरप्रदा’ टग मिळून ८६ जण गेले. वादळाची सूचना बरेच दिवस आधी आली होती. तरीही तराफा सुरक्षित जागी का गेला नाही, हा प्रश्न तेव्हा देशभर विचारला गेला.

आणि १८ डिसेंबर २०२४. घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला इंजिनची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट धडकली. १५ जण गेले. बहुतेक प्रवाशांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हते आणि लाँचमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. ‘रामदास’ला ७७ वर्षे झाली होती तरीही.

बाकी जगात काय घडले

हे आपल्याकडेच होते असे नाही. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’वर निम्म्या माणसांपुरत्याच बचावनौका होत्या. पंधराशेच्या आसपास लोक गेले, आणि मग १९१४ मध्ये जहाज सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९८७ मध्ये फिलिपिन्सची ‘डोन्या पाझ’ टँकरवर आदळून पेटली. यादीत नावे दीड हजारांच्या आसपास, मेलेले चार हजारांहून जास्त! २००२ मध्ये सेनेगलची ‘ले जूला’ क्षमतेच्या तिप्पट माणसे घेऊन उलटली आणि अठराशेहून जास्त लोक गेले. २००६ मध्ये सौदीहून इजिप्तला परतणाऱ्या कामगारांची ‘अल-सलाम बोकाचियो ९८’ लाल समुद्रात बुडाली. आग विझवायला मारलेले पाणी बोटीतच साठले आणि तिचा तोल गेला. हजारावर माणसे गेली.

शिक्षक म्हणून आम्हाला सगळ्यात जास्त बोचते ती कोरियाची ‘सेवोल’, एप्रिल २०१४. ३०४ मृतांपैकी २५० जण एकाच शाळेच्या सहलीतले होते. बोट कलत असताना मुलांना ‘जागेवरच बसा’ असे सांगितले गेले. मोठ्यांचे ऐकणारी मुले बसून राहिली.

माणूस समुद्रात हरवला तर

मय्यत सापडली नाही तर घरच्यांचे पुढचे आयुष्य अडकते. ‘रामदास’नंतर कित्येक घरांत हेच झाले असणार, म्हणून ही माहिती असू द्या.

नमाज-ए-जनाजा : शाफई मतानुसार गायबाना जनाजा पढता येते. कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई आहेत. हनफी मतात समोर मय्यत नसताना जनाजा नाही, तिथे दुआ आणि ईसाले सवाब. बुडून मरणाऱ्याला शहीदाचा दर्जा असल्याचे हदीसमध्ये आले आहे.

पत्नीचा प्रश्न : जुन्या हनफी मतात बेपत्ता नवऱ्याची वाट पाहण्याची मुदत फार लांब होती, मालिकी मतात ती चार वर्षे. मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘अल-हीलतुन नाजिझा’ या किताबात गरज म्हणून मालिकी मत घेण्याचा रस्ता दाखवला. पुढे १९३९चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर पत्नी कोर्टात जाऊ शकते. हुकूम झाल्यावर तो सहा महिन्यांनी लागू होतो.

वारसा आणि मृत्यूचा दाखला : सात वर्षे माणसाची काहीच खबर नसेल तर तो हयात नाही असे कायदा धरून चालतो. त्याआधी दाखला मिळवायचा तर तो माणूस त्या बोटीवर होता याचा पुरावा लागतो, आणि इथे नावांची यादी कामाला येते. अशी वेळ आलीच तर जाणकार आलिम आणि वकील, दोघांनाही विचारा.

बोटीत बसण्याआधी

१. लाँचवर प्रवासी क्षमता लिहिलेली असते. ती वाचा. माणसे जास्त दिसली तर पुढच्या लाँचने जा. अर्धा तास उशीर झाला तर झाला.

२. लाईफ जॅकेट सीटखाली नको, अंगावर हवे, आणि पट्टा बांधलेला हवा. लहान मुलांसाठी लहान मापाचे मागा. बुरखा किंवा ओढणीवरून जॅकेट नीट बसते आहे ना, हे बायकांनी निघण्याआधीच पाहावे.

३. कोणत्या बोटीने, किती वाजता, कोण कोण निघालो, हे घरी मेसेज करून ठेवा. तिकीट टाकून देऊ नका.

४. गडबड झाली की सगळ्यांनी एका बाजूला धावू नये. ‘रामदास’चा सगळ्यात मोठा धडा हाच.

५. पावसाळ्यात बंदरावर बावटा लागला असेल तर खलाशाशी हुज्जत घालू नका. गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद ठेवतात, त्याला कारण आहे.

६. समुद्रात मदतीसाठी तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आणि किनारी पोलिसांचा १०९३. दोन्ही आताच मोबाइलमध्ये सेव्ह करा.

सफरची दुआ पढाच, पण जॅकेटचा पट्टाही बांधा. आधी उंट बांधायचा आणि मग तवक्कुल करायचे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे.

सहलीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. आम्ही मुलांना घारापुरीला नेले. निघण्याआधी वर्गात ‘रामदास’ची गोष्ट सांगितली. प्रत्येकाचे नाव आणि पालकांचा फोन नंबर अशी यादी दोन प्रतींत केली. एक आमच्या खिशात, एक शाळेच्या ऑफिसात. धक्क्यावर लाँचवाल्याने सगळ्यांना जॅकेट देईपर्यंत आम्ही कुणालाही पाय ठेवू दिला नाही. मागचे लोक थोडे कुरकुरले. त्या आईने मुलाचे नाव अखेरच्या दिवशी लिहिले होते. संध्याकाळी ती गेटवेवर उभी होती. आम्ही यादी काढून एकेक नाव पुकारले, आणि प्रत्येक नावाला ‘हजर’ असे उत्तर आले.